वाचकांचे प्रश्न : शाळेतला रोबो आणि विज्ञानाची गोडी

शाळांमधील रोबोटिक्स या विषयावर प्रश्न पाठवावेत असे आवाहन गेल्या अंकात केले होते. आलेल्या बहुतेक पत्रांचा गाभा एकच आहे : मुलांना या विषयाची गोडी लावायची कशी आणि लागलीच तर ती टिकवायची कशी. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित यांच्या एकत्रित शिक्षणाला हल्ली ‘स्टेम’ म्हणतात. रोबोटिक्स हा त्यातला सर्वांत डोळ्यांत भरणारा, आणि म्हणूनच बाजारात सर्वाधिक खपणारा भाग आहे. निवडक पत्रे थोडक्यात आणि नावे वगळून येथे घेतली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा सहावीत आहे. वाढदिवसाला त्याला रोबोटिक्सचा संच आणून दिला. दोन दिवसांत त्याने पुस्तिकेतली गाडी जोडली, शेजाऱ्यांना दाखवली आणि तिसऱ्या दिवसापासून खोका कपाटावर आहे. आता एक खासगी क्लास वर्षाची फी एकरकमी मागत आहे. क्लास लावावा का?
— एक पालक, नाशिक

उत्तर : संच कपाटावर गेला म्हणजे मुलाला आवड नाही, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. पुस्तिकेतली शेवटची पायरी पूर्ण झाली की पुढे काय करायचे हे बहुतेक संच सांगत नाहीत, आणि सूचनांबरहुकूम जोडणी करताना मुलाला स्वतःला कसलाही निर्णय घ्यावा लागलेला नसतो. खोका खाली काढावा आणि त्याच गाडीबद्दल त्याला एखादा प्रश्न विचारावा. ती उंबरठा ओलांडते का? मोठी चाके लावली तर वेग वाढेल, पण चढ चढेल का? पाठीवर पाण्याचा पेला ठेवून पाणी न सांडता तिला वळवता येईल का? यांपैकी एका प्रश्नात मूल गुंतले, तर त्याला गाडी निदान चार वेळा उघडून पुन्हा जोडावी लागते, आणि खरे शिक्षण त्या उघडजोडीत होते.

हा विचार नवा नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेतले गणितज्ञ सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार केली. पुढे तिच्या आज्ञांवर जमिनीवर रेघा काढत फिरणारे एक यांत्रिक कासवही आले. चौकोन काढायला सांगितलेले कासव भलतीकडे वळले की मूल स्वतः कासव होऊन जमिनीवर चालून पाही आणि आपली चूक कोणत्या आज्ञेत आहे ते शोधून काढी. चुकलेली आज्ञा पुसून टाकण्यापेक्षा तिचा माग काढणे अधिक मोलाचे, हे पॅपर्ट यांचे म्हणणे आजही तितकेच लागू आहे. त्याच परंपरेतली ‘स्क्रॅच’ ही ठोकळे जोडून आज्ञावली लिहिण्याची पद्धत एमआयटीच्या मीडिया लॅबने २००७ मध्ये खुली केली. ती विनामूल्य आहे आणि सहावीच्या मुलाला तिच्यासाठी क्लासची गरज पडू नये.

तरीही क्लास लावायचा असेल, तर फी भरण्याआधी एक दिवस वर्गात जाऊन बसण्याची परवानगी मागावी. सगळ्या मुलांची यंत्रे एकसारखी दिसत असतील आणि अडलेल्या मुलाच्या हातातून यंत्र घेऊन शिक्षक स्वतःच दुरुस्त करत असतील, तर तेथे संचाच्या पुस्तिकेचीच मोठी आवृत्ती शिकवली जात आहे असे समजावे. वर्षाची फी एकरकमी मात्र देऊ नये. तेवढ्या पैशांत पुण्याच्या तपकीर गल्लीतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुट्या मोटारी, चाके, सेन्सर आणि ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता तारा खोचून सर्किट जोडण्याची पाटी) आणले, तर मुलाला वर्षभर पुरूनही उरतील. शिवाय सुटे भाग विकत घेताना दुकानदाराला काय हवे ते नेमके सांगावे लागते, हा अभ्यासही लहान नाही.

प्रश्न : पाचवीच्या मुलांना साधा भागाकार येत नाही आणि शाळा दारावर रोबोटिक्सचे फलक लावतात. हे निव्वळ फॅड आहे, असे आपल्याला वाटत नाही का?
— एक निवृत्त गणित शिक्षक, कोल्हापूर

उत्तर : फलकापुरते ते फॅड आहेच, याबद्दल आपल्याशी वाद नाही. ज्याला भागाकार येत नाही त्याला रोबो दिल्याने भागाकार येत नाही. परंतु या विषयावर सर्वांत आधी हक्क सांगायला हवा तो गणिताच्या शिक्षकाने, असे मला वाटते. बाजारात सर्रास मिळणाऱ्या पिवळ्या गिअर-मोटारीचे चाक साधारण ६५ मिलिमीटर व्यासाचे असते. त्याचा परीघ सुमारे २०.४ सेंटिमीटर येतो. गाडी बरोबर एक मीटर पुढे न्यायची, तर चाकाचे सुमारे ४.९ फेरे व्हायला हवेत, आणि या मोटारीतला गिअर बहुधा १ : ४८ असल्यामुळे तेवढ्या वेळात आतली मोटार सुमारे २३५ वेळा फिरते. व्यास, परीघ, गुणोत्तर आणि भागाकार एवढे सगळे एका मीटरच्या प्रवासात आले. आता मुलांनी काढलेल्या उत्तराप्रमाणे गाडी सोडावी आणि टेपने अंतर मोजावे. ते क्वचितच एक मीटर भरते. चाक फरशीवर घसरते, बॅटरी उतरलेली असते, दोन्ही मोटारी सारख्या वेगाने फिरत नाहीत. वहीतले उत्तर आणि फरशीवरचे अंतर यांत फरक का पडला, हे शोधायला लागलेल्या मुलाला दशांश अपूर्णांक पुन्हा समजावण्याची वेळ फारशी येत नाही.

आठवी-नववीसाठी याहून सुरेख उदाहरण अंतर मोजणाऱ्या अल्ट्रासॉनिक सेन्सरचे आहे. तो माणसाला ऐकू न येणारा ध्वनी सोडतो आणि प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. वटवाघळेही याच तत्त्वावर अंधारात मार्ग काढतात. हवेचे तापमान २० अंश सेल्सियस असताना ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो, म्हणून दर सेंटिमीटर अंतरामागे जाऊन-येऊन सुमारे ५८ मायक्रोसेकंद लागतात, आणि हाच आकडा बहुतेक तयार आज्ञावल्यांमध्ये डोळे झाकून घातलेला असतो. चंद्रपूरला मे महिन्यात ४० अंशांत हाच प्रयोग केला, तर ध्वनीचा वेग ३५५ मीटरच्या आसपास जातो, प्रतिध्वनी लवकर परततो आणि एक मीटरवरची भिंत सेन्सरला सुमारे साडेशहाण्णव सेंटिमीटरवर भासते. ही चूक पकडणाऱ्या विद्यार्थ्याने पाठ्यपुस्तकातले ‘ध्वनी’ हे प्रकरण पाठ करायचे राहिले, तरी आपण ते माफ कराल अशी आशा आहे.

प्रश्न : आमची भोर तालुक्यातल्या डोंगराळ भागातली द्विशिक्षकी शाळा आहे. प्रयोगशाळा नाही, एक टॅब आहे आणि नेट येत-जात असते. अशा ठिकाणी रोबोटिक्सचा विचार तरी करावा का?
— एक जिल्हा परिषद शिक्षिका, जिल्हा पुणे

उत्तर : ताई, अवश्य करावा, आणि पहिले काही महिने तरी एकही वायर न आणता करावा. रोबो म्हणजे बाहेरचे काही जाणून घेणारे, त्यावरून ठरवणारे आणि ठरल्याप्रमाणे हालचाल करणारे यंत्र. या तिन्ही गोष्टी अंगणात खडूने चौकोन आखून शिकवता येतात. एका मुलाने रोबो व्हायचे. बाकीच्यांनी त्याला दारापासून आंब्याच्या झाडापर्यंत नेण्यासाठी ‘दोन घरे पुढे’, ‘डावीकडे वळ’, ‘थांब’ अशा आज्ञा आधी कागदावर लिहायच्या आणि मग वाचून दाखवायच्या. रोबोने स्वतःची अक्कल वापरायची नाही, हा नियम मात्र कडक हवा. पहिल्याच खेळात रोबो भिंतीला नाक लावून उभा राहतो आणि सगळी शाळा हसते. मग मध्ये एक दगड ठेवावा आणि ‘समोर दगड असेल तर…’ अशी आज्ञा लिहायला सांगावी. संगणकाची आज्ञावली याच अटींवर चालते.

पुढचा टप्पा हाताने वस्तू करण्याचा. आयआयटी कानपूरमधून अभियंता झालेले अरविंद गुप्ता १९७२ मध्ये सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाच्या संपर्कात आले आणि पुढे टाकाऊ वस्तूंपासून विज्ञान-खेळणी करण्यातच त्यांनी आयुष्य घालवले. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे काम केले, आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या खेळण्यांच्या कृती विनामूल्य उपलब्ध आहेत आणि मराठीतही पुष्कळ साहित्य आहे. नेट असेल त्या दिवशी ते टॅबवर उतरवून ठेवावे. सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबचे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या जोडून त्रिकोण आणि चौकोन करायला सांगितले, तर चौकोन दाबताच तिरका होतो आणि त्रिकोण जागचा हलत नाही, हे मुलांना बोटांनीच कळते. डोंगरावरून गेलेल्या विजेच्या मनोऱ्यात इतके त्रिकोण का, हा प्रश्न त्यानंतर कोणी ना कोणी विचारतेच. दोन सिरिंजा नळीने जोडून त्यात पाणी भरले की पास्कलच्या नियमावर चालणारा, पुठ्ठ्याचा उचलणारा हात तयार होतो. सिरिंजा नव्याच घ्याव्यात आणि सुया आधीच काढून टाकाव्यात. एक सेल, एक चुंबक आणि इनॅमलचा लेप असलेल्या तांब्याच्या तारेचे वेटोळे एवढ्यावर मोटार फिरते. वेटोळ्याच्या दोन्ही टोकांचा लेप पूर्ण खरवडला तर ती नीट का फिरत नाही, आणि एका टोकाचा अर्धाच खरवडला तर का फिरते, या एका गोष्टीवर दोन तासिका सहज जातात.

आणि तिसरी गोष्ट, जी शहरातल्या शाळेला सहजासहजी मिळत नाही. शेतीपंपाला वीज अनेकदा रात्री-अपरात्री येते, म्हणून गावोगावी विहिरीवरच्या मोटारीला ‘ऑटो’ बसवलेला असतो. वीज आली, तिन्ही फेज ठीक आहेत याची खात्री झाली, ठरलेला वेळ गेला, की तो मोटार चालू करतो. एखादी फेज गेली तर बंद करतो. जाणणे, ठरवणे आणि कृती करणे या तिन्ही पायऱ्या त्या पेटीत आहेत आणि ती पेटी आपल्या विद्यार्थ्यांच्या घरची आहे. एखाद्या शेतकरी पालकांना शाळेत बोलावून तिचे काम समजावून घ्यावे. पेटी उघडायची नाही आणि मुलांनी हात लावायचा नाही, एवढे पथ्य पाळावे. रोबो हा जपानमधून किंवा सिनेमातून येणारा पाहुणा आहे, ही समजूत एका तासात नाहीशी होते.

याच जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हातांनी काम करता करता शिकणे हे त्यांच्या शिक्षणपद्धतीचे सूत्र होते. वेल्डिंग, विजेची जोडणी, शेती, बांधकाम अशी कामे करताना त्यामागचे विज्ञान समजून घ्यायचे, हा त्यांचा अभ्यासक्रम राज्यातल्या अनेक ग्रामीण शाळांपर्यंत पोहोचला. एमआयटीच्या सहकार्याने उभी राहिलेली, संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची ‘फॅब लॅब’ २००२ मध्ये भारतात आली ती एखाद्या महानगरात न येता पाबळला आली, हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे. वरच्या वर्गांच्या सहलीसाठी ही जागा सुचवून ठेवतो.

प्रश्न : आमच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे. परंतु साहित्य मोडेल या भीतीने ती कुलपात असते आणि पाहुणे येणार असतील तेव्हाच उघडते. मी तिचा प्रभारी आहे. मुले आली की दर आठवड्याला काहीतरी जळते, आणि मुख्याध्यापकांसमोर मला उत्तर द्यावे लागते.
— एक विज्ञान शिक्षक, सोलापूर जिल्हा

उत्तर : अटल टिंकरिंग लॅब ही योजना नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून राबवली. निवडलेल्या शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान आणि सहावी ते बारावीच्या मुलांनी हाताने करून पाहावे हा उद्देश, असे तिचे स्वरूप आहे. त्या रकमेतला मोठा वाटा चालू खर्चासाठी ठेवलेला आहे, म्हणजे वस्तू वापरल्या जातील, संपतील आणि नव्या आणाव्या लागतील हे योजना आखणाऱ्यांनीच गृहीत धरले होते. मुख्याध्यापकांशी बोलताना हा मुद्दा शांतपणे आणि कागद पुढे ठेवून मांडावा. एलईडी, रेझिस्टर, मोटारी आणि जंपर वायर या खडूसारख्या वापरून संपणाऱ्या वस्तू आहेत, त्यांची नोंद जडवस्तूंच्या रजिस्टरमध्ये होता कामा नये. थ्री-डी प्रिंटरसारखी महाग यंत्रे तेवढी आपल्या देखरेखीखाली ठेवावीत. बाकीच्या साहित्याची नोंदवही विद्यार्थ्यांच्याच हाती द्यावी. त्या वहीत ‘काय जळले’ याच्या शेजारी ‘का जळले’ हा रकाना असावा. वर्षाअखेरीस ती वही हा प्रयोगशाळेचा सर्वांत उत्तम अहवाल ठरेल. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढील पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये अशा आणखी ५०,००० प्रयोगशाळा उभारण्याची घोषणा झाली आहे. त्यांच्या कुलपांच्या किल्ल्या कोणाकडे असतील, याची चिंता आतापासून करायला हवी.

आता जळण्याविषयी. माझ्या अंदाजाने आपल्याकडे बहुतेक वेळा मुले मोटार थेट आर्डुइनोच्या (आज्ञावली चालवणाऱ्या छोट्या बोर्डाच्या) पिनेला जोडत असावीत. आर्डुइनो उनोच्या एका पिनेतून सुमारे २० मिलीअँपिअर प्रवाह घेणे सुरक्षित असते आणि ४० ही तिची कमाल मर्यादा आहे. छोट्या गिअर-मोटारीला मात्र चालताना शंभर-दोनशे मिलीअँपिअर आणि अडकली की त्याच्या कितीतरी पट प्रवाह लागतो. म्हणून पिनेने फक्त आज्ञा द्यायची आणि प्रवाह मोटर-ड्रायव्हर या मधल्या सर्किटने वेगळ्या बॅटरीतून द्यायचा. हे वाक्य फळ्यावर लिहून पाठ करून घेण्यापेक्षा एकदा प्रवाह मोजणारा मल्टीमीटर लावून मोटार हाताने किंचित अडवून दाखवावी. आकडा उडी मारताना पाहिलेले मूल पुन्हा तशी जोडणी करत नाही. एलईडीचेही तसेच आहे. पाच व्होल्ट पुरवठा, लाल एलईडीवर पडणारे सुमारे दोन व्होल्ट, उरलेले तीन व्होल्ट आणि हवा असलेला १५ मिलीअँपिअर प्रवाह, यांवरून ओहमच्या नियमाने २०० ओहम येतात आणि बाजारात त्याच्या जवळचा २२० ओहमचा रेझिस्टर मिळतो. दहावीच्या प्रश्नपत्रिकेतले गणित ते हेच.

मोटार सुरू होताच बोर्ड बंद पडून पुन्हा चालू होतो, ही दुसरी हमखास तक्रार. तिचे कारण बहुधा आयताकृती ९ व्होल्टची बॅटरी असते. तिचा अंतर्गत रोध जास्त असल्यामुळे मोटारीने प्रवाह ओढला की व्होल्टेज कोसळते. मोटारींसाठी पेन्सिल सेलचा, शक्यतो पुन्हा चार्ज होणाऱ्या निकेल-मेटल हायड्राइड सेलचा, संच वापरावा आणि दोन्ही पुरवठ्यांचे ग्राउंड (ऋण टोके) एकमेकांना जोडावे. तिसरा प्रकार मला सर्वांत आवडतो : काळ्या रेषेवरून चालणारा रोबो वर्गात शहाण्यासारखा वागतो आणि स्नेहसंमेलनाच्या दिवशी मांडवात, उन्हात, पाहुण्यांसमोर वेड्यासारखा फिरतो. त्याचे सेन्सर अवरक्त किरण सोडून परत आलेले किरण मोजतात, आणि सूर्यप्रकाशात अवरक्त किरणांची रेलचेल असल्याने काळी रेषाही त्यांना पांढरी वाटू लागते. सेन्सरला काळ्या पुठ्ठ्याची झालर लावणे, ते जमिनीच्या जवळ आणणे, जागेवर जाऊन पुन्हा मोजमाप घेणे असे उपाय मुलांनाच सुचू द्यावेत.

आपल्या जिल्ह्यासाठी एक विषयही सुचवतो. कुंडीत दोन खिळे रोवून त्यांच्यामधली विद्युतवाहकता मोजली की माती ओली आहे की कोरडी ते कळते, आणि त्यावरून छोटा पंप चालवता येतो. काही दिवसांनी एक खिळा झिजलेला आणि दुसरा बराचसा शाबूत दिसेल, कारण एकाच दिशेने सतत वाहणाऱ्या प्रवाहामुळे ओल्या मातीत विद्युत अपघटन होते. मग प्रवाह मोजण्यापुरताच, क्षणभर सोडायचा, ही सुधारणा आज्ञावलीत करावी लागते. ठिबक सिंचनाच्या गावातल्या मुलांना हा प्रकल्प कशासाठी करायचा ते समजावून सांगावे लागत नाही.

प्रश्न : सर, मी नववीत आहे. शाळेच्या रोबोटिक्स संघात आम्ही दोघी मुली आहोत. पण आम्हाला तक्ते रंगवायला आणि परीक्षकांसमोर भाषण करायला सांगतात. जोडणी आणि कोडिंग मुलेच करतात. काय करू?
— एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : तुमच्या शिक्षकांना दोघींनी मिळून लेखी विनंती करा की दर पंधरा दिवसांनी कामे बदलावीत : जोडणी, आज्ञावली, मोजमाप आणि नोंदी, सादरीकरण. मुलग्यांनाही सादरीकरण शिकायला हवे, आणि त्यात त्यांचाही फायदा आहे, हा मुद्दा जरूर घाल. तोवर तू थांबू नकोस. टिंकरकॅड किंवा मायक्रोबिट या छोट्या शैक्षणिक बोर्डाचे मेककोड ही विनामूल्य साधने संगणकावर चालतात आणि त्यांत सर्किट प्रत्यक्ष न जोडताही तपासता येते. पुढच्या वेळी यंत्र अडले की ‘दोष कुठे आहे ते मी शोधते’ असे म्हणून मल्टीमीटर तू हातात घे. संघात मान मिळतो तो दोष शोधणाऱ्याला.

हे पत्र वाचणाऱ्या शिक्षकांसाठीही दोन शब्द. निवडक मुलांचा संघ केला की धीट मुले पुढे सरकतात आणि इतर तक्त्यांकडे वळतात, यात कोणाचा वाईट हेतू असतोच असे नाही. केरळने २०२५-२६ पासून दहावीच्या सर्व मुलामुलींच्या माहिती-तंत्रज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातच रोबोटिक्सचा समावेश केला, हा मार्ग मला म्हणूनच अधिक न्याय्य वाटतो. स्पर्धेसाठी संघ निवडावा, परंतु पान्याला हात लावण्यासाठी निवड होऊ नये.

प्रश्न : स्पर्धांमुळे गोडी वाढते की मारली जाते? आमच्या सोसायटीतल्या एका मुलाने विज्ञान प्रदर्शनात दुकानातून आणलेला तयार प्रकल्प ठेवून पहिले बक्षीस मिळवले.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : दोन्ही शक्य आहे, आणि फरक परीक्षक काय विचारतात त्यावर पडतो. तयार प्रकल्पासमोर ‘हा काय करतो?’ असे विचारले, तर विकत घेणारा जिंकतो. ‘पहिल्यांदा केला तेव्हा काय बिघडले आणि मग तू काय बदललेस?’ असे विचारले, तर तो अडखळतो.

स्पर्धांची परंपरा आपल्याला अपरिचित नाही. आशिया-पॅसिफिक प्रसारण संघाची ‘रोबोकॉन’ ही अभियांत्रिकी विद्यार्थ्यांची स्पर्धा २००२ मध्ये टोकियोला सुरू झाली आणि २००८ व २०१४ मध्ये तिची आंतरराष्ट्रीय फेरी पुण्यात झाली. २००८ ची कल्पना तर गोकुळाष्टमीच्या दहीहंडीवर आधारलेली होती. उंचावरचे लोणी काढण्यासाठी देशोदेशींच्या विद्यार्थ्यांनी आपापले यांत्रिक गोविंदा तयार केले होते. शालेय वयासाठी २००४ मध्ये सुरू झालेली जागतिक रोबो ऑलिम्पियाड आहे, तिची २०१६ ची अंतिम फेरी दिल्लीत झाली. या स्पर्धांमध्ये मैदान आणि नियम आधी जाहीर होतात, पण यंत्र कसे असावे ते कोणी सांगत नाही, आणि मुलांना काही महिने एकाच प्रश्नाशी झुंजता येते. एका दिवसात उरकणाऱ्या आणि प्रत्येकाला पदक देणाऱ्या व्यावसायिक स्पर्धांच्या प्रवेश-शुल्कापेक्षा केंद्र सरकारच्या ‘इन्स्पायर-मानक’ योजनेचा अर्ज भरावा. त्यात मुलाची मूळ कल्पना शाळेमार्फत पाठवायची असते आणि निवड झाल्यास ती साकार करण्यासाठी १०,००० रुपये मिळतात. अर्ज भरताना कल्पना मात्र मुलाचीच असू द्यावी. पालकांच्या भाषेत लिहिलेला अर्ज ओळखू येतो.

प्रश्न : मी चाकणच्या कारखान्यात कामाला आहे. आमच्या शॉपमध्ये वेल्डिंगला रोबो आले. मुलगी दहावीला आहे, तिला याच क्षेत्रात जायचे आहे. तिने कुठला कोर्स निवडावा?
— एक कामगार पालक

उत्तर : जगातला पहिला औद्योगिक रोबो १९६१ मध्ये अमेरिकेतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात कामाला लागला, म्हणजे हे क्षेत्र साठ वर्षांहून जुने आहे आणि त्यात नेमके काय लागते ते आता पुरेसे स्पष्ट आहे. पदवीच्या नावात ‘रोबोटिक्स’ हा शब्द असलाच पाहिजे असा आग्रह धरू नये. इलेक्ट्रॉनिक्स, इलेक्ट्रिकल, यंत्र किंवा मेकाट्रॉनिक्स (यंत्र आणि इलेक्ट्रॉनिक्स यांचा मेळ) यांपैकी कोणताही पाया चालतो. दहावीनंतर तीन वर्षांचा पॉलिटेक्निकचा डिप्लोमा केला, तर नोकरीचा आणि थेट अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेशाचा, असे दोन्ही मार्ग खुले राहतात. आयटीआयमधूनही या कामात उत्तम तंत्रज्ञ होता येते. आपल्या शॉपमध्ये रोबो बंद पडल्यावर कोणाला बोलावले जाते आणि ती व्यक्ती कोणते काम आधी करते, हे आपण मुलीला घरी सांगितलेत, तर तिला कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा अधिक कळेल.

प्रश्न : गोव्यात सरकारी योजनेमुळे आता शाळेतच कोडिंग आणि रोबोटिक्स आहे, त्यामुळे मुलगा घरीही उद्योग करतो. सोल्डरिंग आणि जुन्या मोबाइलच्या बॅटऱ्या यांची मला भीती वाटते. घरी किती मोकळीक द्यावी?
— एक आई, म्हापसा

उत्तर : दोन्ही भीतींचे वजन सारखे नाही. सोल्डरिंगची गन तापलेली असते आणि चटका बसतो, परंतु मोठे माणूस शेजारी बसले, खिडकी उघडी असली, डोळ्यांवर चष्मा असला आणि सोल्डर शिसेविरहित घेतले, तर सातवी-आठवीच्या मुलाला ते काम करू द्यायला हरकत नाही. काम झाल्यावर हात साबणाने धुवायचे. त्याआधीच्या वयात ब्रेडबोर्ड पुरेसा आहे. घरातल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये मात्र मुलाने स्वतः केलेली कोणतीही जोडणी लावायची नाही, हा नियम विनाअपवाद पाळावा.

जुन्या मोबाइलमधून किंवा लॅपटॉपमधून काढलेल्या लिथियमच्या बॅटऱ्यांविषयीची आपली भीती योग्य आहे. त्यांना भोक पडले, दोन्ही टोके एकमेकांना टेकली किंवा चुकीच्या चार्जरवर त्या चार्ज केल्या, तर त्या पेट घेऊ शकतात आणि ही आग सहज विझत नाही. घरच्या प्रयोगांना पेन्सिल सेल पुरतात. मुलाच्या खणात आधीच अशी बॅटरी असेल आणि ती फुगलेली दिसत असेल, तर तिला दाबू नये, टोचू नये आणि चार्जही करू नये. कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवून डबा घराबाहेर सावलीत ठेवावा आणि लवकरात लवकर ई-कचरा गोळा करणाऱ्या केंद्राकडे द्यावा. रोजच्या केराच्या डब्यात ती टाकू नये.